मोठ्या स्प्रेडशीटसाठी माफक किमतीचा लॅपटॉप : दहा महिन्यांच्या वापरानंतर

माझे काम मालसाठ्याच्या नोंदींचे आहे. दर महिन्याला निरनिराळ्या गोदामांतून आलेल्या फायली एकत्र करायच्या, सुमारे चार लाख ओळींच्या तक्त्याला लूकअपचे (दुसऱ्या तक्त्यातून जुळणारी माहिती शोधून आणणारे) आठ-दहा रकाने जोडायचे, त्यावरून पिव्होट टेबल (गटवार गोषवारा) काढायचे आणि शेवटी एक जुना, लांबलचक मॅक्रो (ठरलेली कामे ओळीने आपोआप करणारा छोटा प्रोग्रॅम) चालवायचा, असा त्याचा क्रम असतो. एक्सेलच्या एका शीटमध्ये १०,४८,५७६ ओळी मावतात हे खरे. परंतु ओळी मावणे वेगळे आणि त्यांवर काम करता येणे वेगळे, हे माझ्या जुन्या लॅपटॉपवर दर महिनाअखेरीस जाणवत असे. म्हणून दहा महिन्यांपूर्वी मी मध्यम-खालच्या किमतीच्या गटातला एक चौदा इंची लॅपटॉप घेतला. त्यात रायझन ५ ७५३०यू हा प्रोसेसर, बोर्डावर पक्की बसवलेली ८ जीबी रॅम, आणखी रॅम घालण्यासाठी एक मोकळा स्लॉट, ५१२ जीबीची एनव्हीएमई एसएसडी (फायली साठवणारी वेगवान डिस्क) आणि १९२० बाय १२०० पिक्सेलचा पडदा आहे. कंपनीचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण एकाच मॉडेलच्या नावाखाली प्रोसेसर, रॅम वगैरेंच्या चार-पाच वेगळ्या जोडण्या विकल्या जातात आणि त्यांतली एक उत्तम तर दुसरी या कामाला पूर्णपणे कुचकामी असू शकते.

खरेदीपूर्वी माझा सर्वाधिक वेळ प्रोसेसर समजून घेण्यात गेला आणि तो सत्कारणी लागला असे मी म्हणेन. रायझन ५ ७५२०यू आणि ७५३०यू ही दोन नावे शेजारीशेजारी दिसतात, दोघांचा कमाल वेगही जवळपास सारखा, म्हणजे ४.३ आणि ४.५ गिगाहर्ट्झ, आहे; त्यामुळे स्वस्त तो घ्यावा असे कोणालाही वाटेल. परंतु या मालिकेत तिसरा आकडा आतल्या रचनेची पिढी सांगतो. ७५२०यू मध्ये जुन्या झेन २ रचनेचे चार कोअर (आकडेमोड करणारे स्वतंत्र भाग) आणि ४ एमबी एल३ कॅशे (प्रोसेसरच्या आतली छोटी, वेगवान स्मृती) आहे, तर ७५३०यू मध्ये झेन ३ चे सहा कोअर आणि १६ एमबी एल३ कॅशे आहे. मोठ्या तक्त्यात लूकअप चालतो तेव्हा प्रोसेसर त्याच त्या रकान्यांतील मजकूर पुन्हा पुन्हा चाळत असतो आणि तो कॅशेमध्ये जितका जास्त राहील तितकी रॅमकडे धाव कमी होते. शिवाय ७५२०यू सोबत केवळ बोर्डावर जोडलेली रॅमच येते, म्हणजे पुढे ती वाढवण्याची वाटच बंद होते.

एक्सेल २००७ पासून सूत्रांची आकडेमोड अनेक कोअरवर विभागू शकते, म्हणून जास्त कोअर असलेला प्रोसेसर घ्यावा असा सल्ला सर्रास मिळतो. तो अर्धाच खरा आहे. एकमेकांवर अवलंबून नसलेली सूत्रे विभागली जातात. पण प्रत्येक ओळ वरच्या ओळीच्या उत्तरावर चालत असेल, जसे शिल्लक साठ्याच्या रकान्यात होते, तर ती साखळी एका वेळी एकच कोअर ओढतो. व्हीबीए या एक्सेलच्या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलेला मॅक्रो तर नेहमीच एका कोअरवर चालतो. ज्यांचे काम मुख्यतः मॅक्रोंचे आहे त्यांनी म्हणूनच इंटेलची एक जोडी तुलनेला घ्यावी : कोअर आय३-१२१५यू आणि कोअर आय५-१२३५यू. दोघांत वेगवान कोअर दोनच आणि त्यांचा कमाल वेगही ४.४ गिगाहर्ट्झच, फरक मुख्यतः मंद कोअरच्या संख्येचा, म्हणजे चार आणि आठ, इतका आहे. अशा कामासाठी आय३ सोबत १६ जीबी रॅम ही निवड आय५ सोबत ८ जीबी या निवडीपेक्षा मला निश्चितच शहाणपणाची वाटते. एन१०० सारखे, केवळ मंद कोअर असलेले प्रोसेसर मात्र पत्रव्यवहारासाठी ठीक. चार लाख ओळींच्या वाटेला त्यांना लावू नये.

रॅमबाबत मी स्वतः चूक केली. पहिले दोन महिने ८ जीबीवर काढले. विंडोज, ब्राउझर आणि बोर्डावरील ग्राफिक्सने आपापला वाटा घेतल्यावर एक्सेलसाठी उरणारी जागा पॉवर क्वेरीने (बाहेरच्या फायली एकत्र आणणाऱ्या एक्सेलच्या सोयीने) मोठ्या फायली ओढायला सुरुवात करताच संपत असे. मग विंडोज एसएसडीचा आधार घेई आणि चांगला प्रोसेसर नुसता वाट पाहत बसे. मोकळ्या स्लॉटमध्ये आणखी ८ जीबीची पट्टी घातली आणि त्या दिवसापासून हा वेगळाच लॅपटॉप झाला. बोर्डावरची ८ जीबी आणि ही पट्टी अशी जोडी झाल्यामुळे रॅम दोन मार्गांनी वाचली जाते, हा त्यातला आणखी एक लाभ. एक गोष्ट मात्र रॅमवर खर्च करण्याआधी तपासावी : एक्सेलची ३२-बिट आवृत्ती असेल तर रॅम कितीही वाढवली तरी ती ४ जीबीपलीकडे वापरूच शकत नाही. फाइल, अकाउंट आणि अबाउट एक्सेल या क्रमाने गेल्यास आपली आवृत्ती कोणती ते दिसते.

एसएसडी हवीच, परंतु तिच्या वेगाच्या आकड्यांसाठी जादा पैसे मोजू नयेत. एक्सएलएसएक्स फाइल ही मुळात एक्सएमएल मजकुराची झिप केलेली गठडी असते. ती उघडताना वेळ जातो तो गठडी सोडवून मजकूर वाचण्यात आणि ते काम प्रोसेसरचे आहे. माझी मुख्य फाइल मी एक्सएलएसबी या द्विमान स्वरूपात जतन करू लागलो, तेव्हा ती उघडण्याचा आणि जतन होण्याचा वेळ जितका घटला तितका कोणत्याही महाग एसएसडीने घटला नसता. स्वतंत्र ग्राफिक्स कार्डाचा आकडेमोडीला काहीही उपयोग नाही, तेव्हा ते टाळून वाचलेली रक्कम रॅमकडे वळवावी.

पडद्यावर मी मनापासून समाधानी आहे. १०८० ऐवजी १२०० पिक्सेलची उंची म्हणजे १२० पिक्सेल जास्त. एक्सेलची साधी ओळ शंभर टक्के आकारमानावर २० पिक्सेलची असते, म्हणजे सहा ओळी अधिक दिसतात. ऐकायला हे थोडे वाटते, पण शीर्षकाच्या ओळी गोठवून दिवसभर खाली-वर करणाऱ्याला त्या सहा ओळींची किंमत कळते. १३६६ बाय ७६८ चा पडदा अजूनही काही स्वस्त लॅपटॉपमध्ये दिसतो. बाकी सर्व उत्तम असले तरी तो घेऊ नये.

कीबोर्डने मात्र निराशा केली. होम, एंड, पेज अप आणि पेज डाउन या कळा बाणांच्या कळांमध्येच दडवल्या आहेत, त्यामुळे शीटच्या आरंभी जाण्यासाठी तीन बोटे लागतात. एफ२, एफ४ आणि एफ९ या आमच्या नित्याच्या कळा मूळ मांडणीत आवाज आणि प्रकाशासाठी राखलेल्या होत्या. एफएन आणि एस्केप एकत्र दाबून तो क्रम उलटा करता आला, पण ते मला तीन आठवड्यांनी उमगले. चौदा इंची असल्यामुळे नंबरपॅड नाही. आकडे भरण्याचे काम ज्यांना रोज आहे त्यांनी १५.६ इंचीच घ्यावा. माझ्याकडे आकडे तयार येतात, म्हणून बाहेरचा यूएसबी नंबरपॅड जोडून माझे भागते.

लांब मॅक्रो चालताना पंखा स्पष्ट ऐकू येतो. चार्जर काढला की वेगही जाणवण्याइतका उतरतो, त्यामुळे महिनाअखेरीचे काम मी चार्जर लावूनच करतो.

याच किमतीत जुना, पण कार्यालयीन दर्जाचा लॅपटॉप घेण्याचा पर्यायही मी गंभीरपणे तपासला होता. त्यांचे कीबोर्ड खरोखर सरस असतात आणि अनेकांत रॅम वाढवता येते. मात्र विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ साठी इंटेलचा प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा नंतरचा लागतो. त्याआधीचे यंत्र कितीही भक्कम दिसले तरी ते सोडून द्यावे. नवा असो वा जुना, शक्य असल्यास स्वतःची सर्वांत जड फाइल पेन ड्राइव्हवर नेऊन, ज्या यंत्राचे पैसे देणार आहोत त्याच यंत्रावर ती उघडावी, संपूर्ण आकडेमोडीसाठी कंट्रोल, ऑल्ट आणि एफ९ एकत्र दाबावे आणि टास्क मॅनेजरमध्ये रॅम किती उरते ते पाहावे. हे मी केले असते, तर पहिले दोन महिने वाया गेले नसते.