खांदेरी बोट ट्रिप आणि दीपगृह: बेट ५ स्टार, बोट ३ स्टार

अलिबागजवळच्या थळवरून बोटीने खांदेरीला, म्हणजे समुद्रातल्या किल्ल्याच्या बेटावर, जाऊन आलो त्याचा रिव्ह्यू. बेटाला ५ पैकी ५, बोटीला ३. बोटवाल्याचं नाव लिहीत नाही, पोटापाण्याचा प्रश्न असतो, पण किनाऱ्यावर 'हवं तेवढा वेळ थांबा दादा' आणि बेटावर उतरल्यावर तासाभरात 'चला चला ओहोटी लागली' हे काही बरोबर नाही. ओहोटीचं कारण खोटं नसतं, पाणी उतरलं की थळच्या बाजूला होडी आणायला त्रास होतो हे मान्य, पण मग ते आधी सांगायचं ना. तुम्ही जाल तेव्हा भरतीची वेळ आणि भाव दोन्ही निघायच्या आधीच ठरवून घ्या.

आता बेट. दोन टेकड्या आहेत आणि दक्षिणेकडच्या टेकडीवर दीपगृह. बहुतेक पब्लिक काय करतं तर वेतोबाचं दर्शन, इथला तो प्रसिद्ध दगड वाजवून बघणं (धातूसारखा आवाज खरंच येतो), गाड्यावरच्या तोफांसोबत फोटो, झालं. दीपगृह फोटोत मागे आलं तर आलं. माझ्या मते तिथेच लोकं चुकतात, कारण दीपगृहाच्या टेकडीवर उभं राहिल्याशिवाय किल्ला इथेच का बांधला ते डोक्यात शिरत नाही. उत्तरेला मुंबई बंदराचं तोंड, आणि दक्षिणेकडून बंदरात शिरणारं जहाज इथून दिसणारच. महाराजांनी १६७९ मध्ये मायनाक भंडारींना इथे तट बांधायला पाठवलं तेव्हा मुंबईतल्या इंग्रजांची झोप उडाली ती यामुळेच. त्यांनी जहाजं पाठवून रसद तोडायचा प्रयत्न केला पण मराठ्यांच्या छोट्या होड्या उथळ पाण्यातून रात्री निसटून सामान पोचवायच्या, मोठ्या जहाजांना तिथे येताच येईना. मग जंजिऱ्याच्या सिद्दीने समोरच्या उंदेरी बेटावर किल्ला बांधला आणि दोन बेटांवरून एकमेकांवर तोफा सुरू. पुढे आंग्र्यांच्या काळात १७१८ मध्ये इंग्रजांनी परत हल्ला केला, तोही फसला. बेट त्यांच्या हातात आलं ते थेट १८१८ ला, पेशवाई गेल्यावर.

आणि १८६७ मध्ये त्याच इंग्रजांनी त्याच टेकडीवर हे दीपगृह बांधलं! जी जागा जहाजं अडवायला भारी तीच जहाजांना वाट दाखवायला भारी. दोनच वर्षांनी सुएझ कालवा सुरू झाला आणि मुंबईकडे येणारी जहाजांची वाहतूक कितीतरी वाढली, म्हणजे टायमिंग बघा. अष्टकोनी मनोरा आहे, साधारण २५ मीटर, टेकडीची उंची वेगळी.

वर चढायला मिळेलच असं धरून जाऊ नका, हे चालू दीपगृह आहे. पण बाहेरून बघतानाही यंत्रणा माहीत असेल तर मजा येते म्हणून थोडं लिहितो. लोकांना वाटतं दिवा चालू-बंद होतो. जुन्या फिरत्या भिंगाच्या दीपगृहांत तसं नसायचं, दिवा सतत पेटलेला आणि त्याच्याभोवती काचेचं भिंग फिरायचं, म्हणजे झोत तुमच्या डोळ्यावरून सरकला की तुम्हाला फ्लॅश दिसणार. हे भिंग फ्रेनेल नावाच्या फ्रेंच माणसाने १८२०च्या दशकात काढलं, एकच जाडजूड काच घेण्याऐवजी काचेच्या कड्यांवर कडी बसवलेली, त्यामुळे साध्या तेलाच्या दिव्याचा उजेडसुद्धा इकडेतिकडे वाया न जाता क्षितिजाकडे जायचा. मोठी भिंगं टनावारी वजनाची, ती पुढे पाऱ्याच्या चरात तरंगत ठेवायला लागले, मग बोटाने ढकललं तरी फिरायची. फिरवायला मोटर नव्हती तेव्हा मनोऱ्याच्या आत वजन लटकवलेलं असायचं, ते हळूहळू खाली यायचं आणि रखवालदाराने रात्रभरात परत परत चावी देऊन ते वर घ्यायचं. झोप लागली की संपलं! दिवसा खोलीला पडदे लावायचे, कारण ऊन भिंगातून उलटं आत गेलं तर आगच लागेल.

बाकी प्रॅक्टिकल गोष्टी. पावसाळ्यात विसरा. पाणी सोबत न्या, टोपी न्या, कचरा परत आणा (२०२५ पासून हा युनेस्कोच्या यादीतला किल्ला आहे, तरी प्लास्टिक दिसतंच). गुडघ्याचा त्रास असलेल्यांना बोटीत चढणं-उतरणं जड जाईल.

दिवा पेटलेला बेटावरून बघायला मिळत नाही, बोटी त्याआधीच परतात. त्यासाठी मुक्काम करा आणि अंधार पडल्यावर थळच्या किनाऱ्यावर मोबाईलचा स्टॉपवॉच लावून दोन फ्लॅशमधलं अंतर मोजा. प्रत्येक दीपगृहाची फ्लॅशची लय खलाशांच्या समुद्री नकाशात छापलेली असते आणि आसपासच्या दुसऱ्या दिव्यांपेक्षा वेगळी ठेवतात, खलाशी त्यावरूनच ओळखतो. किनाऱ्यावरचे लाइट डोळ्यावर येत असतील तर थोडं बाजूला सरकून उभे राहा.