आयपी कॉलिंगसाठी इंटरनेट किती लागतं? काही महिने वापरल्यानंतरचा अनुभव

ऑफिसचे सगळे फोन इंटरनेटवर नेऊन आता बरेच महिने झालेत. वीस टेबलं, दिवसभर ग्राहकांचे फोन, आणि जुन्या टेलिफोन लाइन पूर्ण बंद. एकूण मी समाधानी आहे. पण "किती एमबीपीएसची लाइन घेऊ?" हा जो प्रश्न सगळे आधी विचारतात, तो अपुरा आहे असं माझं ठाम मत झालंय. फोनला वेग फारसा लागत नाही. पॅकेट, म्हणजे डेटाचे छोटे तुकडे, वेळेवर पोचायला लागतात, आणि घोळ होतो तो बहुतेक वेळा अपलोडच्या बाजूला.

हिशोब सोपा आहे. जी.७११ या कोडेकमध्ये (आवाजाचं डेटात रूपांतर करण्याच्या पद्धतीत) आवाज ६४ केबीपीएसचा, म्हणजे सेकंदाला ६४ किलोबिट. तो २० मिलिसेकंदांच्या तुकड्यांत जातो, म्हणजे सेकंदाला ५० पॅकेट, आणि प्रत्येकावर आयपी, यूडीपी, आरटीपी मिळून ४० बाइटचे हेडर, म्हणजे पत्ता वगैरे सांगणारी जोडमाहिती. इथरनेटचंही धरलं की एका कॉलला साधारण ८७ केबीपीएस, जायला वेगळे आणि यायला वेगळे. जी.७२९ या दुसऱ्या कोडेकमध्ये आवाज फक्त ८ केबीपीएसचा, म्हणून आठपट बचत होईल असं वाटतं. पण हेडर तेवढेच राहतात आणि आकडा ३१ च्या आसपास जातो. म्हणजे बचत तिपटीपेक्षाही कमी, आणि होल्डवरचं संगीत फाटकं ऐकू येतं ते वेगळंच. लाइन अगदीच बारीक नसेल तर जी.७११ च ठेवा.

आता एकाच वेळी किती कॉल धरायचे? टेबलांची संख्या धरू नका. गर्दीच्या तासात ६० कॉल येत असतील आणि सरासरी कॉल ३ मिनिटांचा असेल, तर १८० मिनिटांचं बोलणं झालं, म्हणजे सरासरी ३ कॉल सतत चालू. पण फोन ठरवून एकेक करून येत नाहीत. डॅनिश गणिती एर्लांग यांनी १९१७ साली मांडलेलं सूत्र इथे आजही चालतं: शंभरात एकापेक्षा जास्त कॉल अडू नये असं वाटत असेल, तर या ३ साठी एकाच वेळी ८ कॉल चालतील एवढी सोय लागते. आठ कॉल म्हणजे प्रत्येक दिशेला साधारण ७०० केबीपीएस. एक एमबीपीएससुद्धा नाही!

मग आवाज का तुटतो? आमच्याकडे दुपारी ठराविक वेळी ग्राहक म्हणायचे, "तुमचं अर्धंच ऐकू येतंय." आम्हाला मात्र त्यांचा आवाज स्वच्छ यायचा. ही खूण लक्षात ठेवा: समोरच्याला तुटक आणि आपल्याला नीट, म्हणजे संशय आधी अपलोडवर घ्यायचा. त्याच वेळी फायलींचा बॅकअप क्लाउडवर चढत असे. अपलोड १० एमबीपीएसचं आणि मोडेमच्या बफरमध्ये (पॅकेट रांगेत थांबतात त्या जागेत) १ एमबीचा, म्हणजे ८ मेगाबिटचा ढीग साचला, तर मागून आलेलं आवाजाचं पॅकेट ०.८ सेकंद ताटकळतं. आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या शिफारशीप्रमाणे एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असावा. त्याच्या पाचपटीहून जास्त उशीर झाल्यावर संभाषण कसलं होणार? लाइनचा वेग वाढवा, असा सल्ला सेवा देणाऱ्यांनी दिला. वेगवान लाइनवरही बॅकअप मिळेल तेवढी जागा भरतोच, आणि रांग लागायची ती लागतेच.

उपाय राउटरमध्ये निघाला. रांग सांभाळणारी केक किंवा एफक्यू-कोडेल पद्धत चालू करायची आणि अपलोडची मर्यादा खऱ्या वेगाच्या ९० टक्क्यांवर बांधायची. त्यामुळे रांग मोडेमऐवजी आपल्या राउटरमध्ये लागते आणि आवाजाला पुढे काढता येतं. फोनच्या पॅकेटवर डीएससीपी ४६ ची खूणही ("हे आधी जाऊ द्या" असं सांगणारी) लावली, पण ती आपल्या हद्दीतच कामाची. बाहेरच्या इंटरनेटवर तिला मान मिळेल असं गृहीत धरू नका. तपासायचं कसं? एकीकडे मोठी फाइल चढवा आणि दुसरीकडे पिंग (पॅकेट जाऊन परत यायला किती वेळ लागतो ते मोजणारी चाचणी) चालू ठेवा. आमच्याकडे पूर्वी पिंग पाचशे मिलिसेकंदांच्या वर उडायचा, आता तिशीच्या आसपास राहतो. विक्रेत्याने स्पीड टेस्टचा आकडा दाखवला तर त्याला हीच चाचणी करून दाखवायला सांगा.

राउटरमधलं सिप एएलजी (फोनच्या पॅकेटमधले पत्ते बदलणारी सोय) बंद ठेवा, नाहीतर एकतर्फी आवाजाच्या तक्रारी येऊ शकतात. टेबलावरचे फोन वाय-फायवर नकोत, केबलवरच हवेत. वीज गेली तर मोडेम, राउटर आणि स्विच तिन्ही यूपीएसवर असले तरच फोन चालतील.

दुसरी लाइन घेतलीत तर ती वेगळ्या माध्यमाची घ्या. पहिली पडल्यावर नवे कॉल दुसरीवरून सुरू होतात, पण चालू असलेले कॉल कटतात, कारण आयपी पत्ता बदलतो. हे कर्मचाऱ्यांना आधीच सांगून ठेवावं, म्हणजे ते लगेच ग्राहकाला परत फोन लावतात.

एक गोष्ट अजून मनासारखी झालेली नाही: घरून काम करणाऱ्यांचे कॉल. व्हीपीएनचे (ऑफिसच्या नेटवर्कशी जोडणाऱ्या सुरक्षित जोडणीचे) हेडर वर चढले की जी.७११ चा कॉल शंभर केबीपीएसच्या पुढे जातो, आणि त्यांच्या घरच्या राउटरची रांग आपल्या हातात नसते. त्यांच्यासाठी ओपस कोडेक लावून बघतोय. तो कमी जागेत चांगला आवाज देतो आणि थोडी पॅकेट हरवली तरी सांभाळून घेतो.