बारावीनंतर एनडीए की पदवीनंतर सीडीएस?

लष्करात अधिकारीच व्हायचं, एवढं ठरलं की पुढचा प्रश्न कोणत्या दाराने जायचं हा. खडकवासल्याची एनडीए (नॅशनल डिफेन्स अकादमी), डेहराडूनची आयएमए (इंडियन मिलिटरी अकादमी) की चेन्नईची ओटीए (ऑफिसर्स ट्रेनिंग अकादमी)? कुठल्याही वाटेने गेलात तरी शेवटी लेफ्टनंटच होता, खांद्यावर दोन तारे. फरक पडतो तो कोणत्या वयात आणि किती काळ घासून घ्यायचं, याने. शिवाय गणवेश उतरवल्यावर हाती काय उरतं, यानेही.

परीक्षेचं आधी उरकून टाकू. एनडीएसाठी वय साडेसोळा ते साडेएकोणीस. गणित 300, सामान्य क्षमता चाचणी 600 आणि एसएसबी, म्हणजे निवड मंडळाच्या चाचण्या आणि मुलाखत, 900 गुण. म्हणजे अर्धी बाजी लेखी परीक्षेबाहेर. सीडीएसमधून (पदवीनंतरची कम्बाइन्ड डिफेन्स सर्व्हिसेस परीक्षा) आयएमएला जायचं तरी गणिताचा पेपर आहेच. ओटीएला तो नाही, इंग्रजी आणि सामान्य ज्ञान एवढंच. गणिताच्या धास्तीने ओटीए निवडणारेही आहेत. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

एसएसबी मात्र कुणालाच चुकत नाही. छातीवर नंबर, पाच दिवसांचा मुक्काम. एक शब्द पडद्यावर येतो, पंधरा सेकंदांत वाक्य लिहायचं, की पुढचा शब्द हजर. असे साठ. पाठ केलेली वाक्यं विसाव्या शब्दापर्यंत टिकली तरी खूप. पुढे आपलं आपल्यालाच लिहावं लागतं.

खरा फरक प्रशिक्षणात. एनडीएत तीन वर्षं, सहा टर्म. सोबत जेएनयूची पदवी. मग लष्करवाल्यांना आयएमएत आणखी एक वर्ष. पहाटे पीटी, ड्रिल, लगेच वर्ग, मध्ये कपडे बदलायला मोजकी मिनिटं. आणि वर्गात बसल्यावर झोपेशी वेगळीच लढाई. पहिल्या टर्मला फक्त हुकूम झेलायचे. शेवटच्या वर्षी त्यातल्याच कुणाला कॅडेट कॅप्टन करतात आणि ज्युनियर पोरांची जबाबदारी अंगावर टाकतात. विशीतल्या मुलाला बरोबरीच्यांकडून काम करून घ्यायला लागतं, तेही दोस्ती न तोडता. नेतृत्वाचा धडा म्हणाल तर माझ्या मते हाच. पीटी किंवा ड्रिलमध्ये मागे पडलात तर रेलिगेशन, म्हणजे टर्म पुन्हा.

सीडीएसवाल्यांना आयएमएत दीड वर्ष मिळतं, ओटीएत 49 आठवडे. एवढ्या वेळात तेवढं मुरणं अवघड, हे मान्य. पण हा मुलगा कॉलेज करून आलेला असतो, कदाचित नोकरीही. पलटणीत पंचवीस वर्षं काढलेला सुभेदार सॅल्यूट ठोकतो आणि आपण त्यांना ‘साहेब’ म्हणतो, तेव्हा त्यांचं ऐकायचं कधी आणि आपला निर्णय रेटायचा कधी, ही समज वयाने थोडी लवकर येते. एनडीएवाले हे मान्य करणार नाहीत, ते सोडा.

पैशाचं बघा. एनडीएची तीन वर्षं राहणं-खाणं-शिक्षण सरकारचं, पण पगार नाही. आयएमए आणि ओटीएत दरमहा 56,100 रुपये विद्यावेतन. एनडीए-आयएमएतून कायम कमिशन, म्हणजे निवृत्तीपर्यंतचं अधिकारीपद मिळतं. ओटीएतून शॉर्ट सर्व्हिस, म्हणजे ठरावीक मुदतीचं: दहा वर्षं, वाढवून चौदा. कायम कमिशनसाठी अर्ज करता येतो, पण निवड व्हावी लागते. अधिकाऱ्याला पेन्शनला साधारण वीस वर्षं सेवा लागते, म्हणजे चौदाव्या वर्षी बाहेर पडणारा ग्रॅच्युइटी घेऊन पस्तिशी-चाळिशीच्या मध्ये नव्याने नोकरी शोधतो. काहींना हेच हवं असतं. घरी मात्र आधी सांगून ठेवा.

मुलींसाठी एनडीएचं दार 2022 मध्ये उघडलं, आणि पहिल्या 17 जणी मे 2025 मध्ये पासआऊट झाल्या. सीडीएसमधून लष्करात जायचं तर त्यांना ओटीएच.

वय सतरा-अठरा असेल आणि गणिताचं वावडं नसेल, तर मी एनडीएचा अर्ज आधी भरायला सांगेन. परीक्षा वर्षातून दोनदा होते. नाही जमलं तरी पदवी करता करता सीडीएसची तयारी चालू राहते. साडेएकोणीस उलटल्यावर खडकवासल्याला परत वळता येत नाही.