पिक्चर कुठे बघायचा: टॉकीजात की मॉलमध्ये?

‘रविवारी चौघं जातोय पिक्चरला, आई पण आहे. गेटी की मॉल?’ गेटी म्हणजे वांद्र्याचं जुनं टॉकीज. महिन्यातून एकदा तरी हा मेसेज येतोच. मी उलट विचारतो, पिक्चर कुठला आणि आईचे गुडघे कसे आहेत?

गुडघ्यांचं आधी. जुन्या टॉकीजातली चांगली जागा म्हणजे बाल्कनी, आणि बाल्कनी म्हणजे जिने. लिफ्ट बहुतेक ठिकाणी नसते. एकदा इंटरव्हलला आईला खाली बाथरूमपर्यंत नेऊन परत वर आणेपर्यंत हिरोचं लग्न उरकलं होतं. मॉलमध्ये लिफ्ट थेट वर सोडते आणि बाथरूम स्क्रीनच्या जवळच असतं. म्हातारं माणूस किंवा तान्हं मूल बरोबर असेल तर मल्टिप्लेक्स. इथं मी वाद घालत नाही.

खर्चाचं म्हणाल तर फरक तिकिटापासूनच सुरू होतो. सप्टेंबर २०२५पासून शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावर ५ टक्के जीएसटी आहे, त्यावरच्या तिकिटावर १८. मॉलचं तिकीट ऑनलाइन काढलं की वर कन्व्हिनियन्स फी. टॉकीजच्या खिडकीवर उभं राहिलात तर ती वाचते. पण खिसा खरा कापला जातो तो इंटरव्हलला. चौघांचं पॉपकॉर्न आणि कोल्ड्रिंक तिकिटांच्या बरोबरीला येतं. बाहेरचं खाणं अडवायचा हक्क थिएटरवाल्यांना आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२३मध्ये सांगितलंय. पण पिण्याचं पाणी फुकट द्यावं लागतं आणि बाळाचं खाणं नेता येतं. पाणी मागून घ्या, लाजू नका. शिवाय मंगळवारी बऱ्याच मल्टिप्लेक्सात तिकीट उतरतं.

आता पिक्चर. मोठ्या स्टारचा, गाण्यांचा, मारामारीचा असेल आणि पहिल्या तीन दिवसांत बघायचा असेल, तर वांद्र्याला गेटीच. (गेटी, गॅलेक्सी मिळून तिथं सात पडदे आहेत. म्हणजे हिशेबानं तेही मल्टिप्लेक्सच, पण तसं म्हणणारा माणूस मला अजून भेटायचाय.) हजारेक माणसं एकदम ओरडतात, हिरो पडद्यावर यायच्या आधीच शिट्ट्या सुरू होतात, पुढचे चार डायलॉग कुणालाच ऐकू येत नाहीत आणि त्याचं कुणाला वाईटही वाटत नाही. तीच एन्ट्री मॉलच्या दोनशे खुर्च्यांत येते आणि जाते, शेजारचा नाचोज चघळत असतो. उलट, कुजबुजत्या संवादांचा पिक्चर असेल तर टॉकीजात जाऊन पैसे फुकट घालवू नका.

मराठी पिक्चरची गोष्ट जरा अवघड. २०१५ साली सरकारनं मल्टिप्लेक्सांना मराठीसाठी प्राइम टाइमचा शो द्यायला लावलं, पण वाटाघाटीत प्राइम टाइम ठरला दुपारी १२ ते रात्री ९. म्हणजे मंगळवारी दुपारी साडेबाराचा शोसुद्धा त्यात बसतो. नोकरीवाल्यानं तो कधी बघायचा? म्हणून दादरला प्लाझा टॉकीजात तोच पिक्चर संध्याकाळी लागला असेल तर मी मॉलचं नावही काढत नाही. तिथला प्रेक्षक विनोदाला वेळेवर हसतो.

दोन ठिकाणं मात्र कुठल्याच खान्यात बसत नाहीत. चर्चगेट स्टेशनसमोरचं इरॉस १९३८चं. पूर्वी हजाराहून जास्त खुर्च्या होत्या. २०२४मध्ये ते पीव्हीआर आयनॉक्स या मल्टिप्लेक्स कंपनीचं आयमॅक्स, म्हणजे अवाढव्य पडद्याचं थिएटर, होऊन उघडलं, आता खुर्च्या तीनशेच्या घरात. पडदा एकच, दर मात्र मल्टिप्लेक्सचे. भव्य पिक्चरसाठी ते द्यावेत असं माझं मत. दुसरं मुंबई सेंट्रलचं मराठा मंदिर. १९९५च्या ऑक्टोबरात लागलेला ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’ तिथं तीस वर्षांनंतरही सकाळी साडेअकराला सुरू होता. तिकीट नाममात्र. लांब पल्ल्याच्या गाडीला चार-पाच तास असतील, तर स्टेशनवर बसण्यापेक्षा हे बरं.

टॉकीजला निघण्याआधी फोन तेवढा करा. आठ-दहाच माणसं जमली तर शो रद्द होतो, आणि ते खिडकीवर पोचल्यावर कळतं. आईला रिक्षानं नेलं असेल तर परतीच्या रिक्षात काय ऐकावं लागतं, ते मला विचारा.