शेवेलचा आयडल खाली येत नाही: जुना क्वाड्राजेट दुरुस्त करायचा, नवीन कार्ब घ्यायचा की ईएफआय बसवायचं?

गाडी धरून चाला १९७० ची शेवेल एसएस ३९६, म्हणजे शेवरलेची जुनी अमेरिकन गाडी, ऑटोमॅटिक, वर ओरिजिनल रॉचेस्टर क्वाड्राजेट कार्ब, म्हणजे हवा-पेट्रोल मिसळून इंजिनला देणारा कार्बोरेटर. इंजिन खरं तर ४०२ क्युबिक इंचाचं, पण शेवरलेने बॅज ३९६ चाच ठेवला होता, तो वेगळा विषय. तक्रार आयडलची, म्हणजे अॅक्सिलरेटर न दाबता इंजिन जेवढं फिरतं त्याची: इंजिन पूर्ण गरम झालं तरी १२००-१३०० आरपीएमवर रेस झालेलंच राहतं, ड्राइव्हमध्ये टाकलं की गाडी गचका मारून पुढे ओढते आणि सिग्नलला ब्रेक दाबून दाबून पाय भरून येतो. इकडे मिशिगनमध्ये ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड ड्रीम क्रूझ असते, तिथे मुंगीच्या पावलांनी सरकताना तर हा त्रास फारच जाणवतो, आणि मग घरी येऊन माणूस रात्री दीड वाजता ईएफआय, म्हणजे कॉम्प्युटरने पेट्रोल सोडणाऱ्या इंजेक्शनच्या किटच्या किमती बघत बसतो.

थांबा. तीन पर्याय आहेतच, पण हाय आयडलची निम्मी कारणं कार्बमध्ये नसतातच, आणि ती तशीच ठेवून वर काहीही बसवलं तरी रेस तिथेच राहणार.

म्हणून आधी एवढं बघा. इंजिन बंद करून लिंकेज, म्हणजे अॅक्सिलरेटरपासून कार्बच्या झडपेपर्यंतची जोडणी, नेमकं कशावर टेकलंय ते बघा: आयडल स्क्रूवर, फास्ट आयडल कॅमवर (थंड इंजिन वेगात ठेवणारा तुकडा) की आयडल सोलेनॉइडवर (विजेवर चालणारा टेकू). थंड इंजिन पंधराशेच्या आसपास फिरणं नॉर्मल आहे, पण चोक (थंड इंजिनची हवा अडवणारी झडप) उघडल्यावर अॅक्सिलरेटरला एक टिचकी मारली की कॅम खाली पडायला हवा, नाही पडला तर चिकटलाय, साफ करा, विषय संपला. केबल ताणलेली आहे का, रिटर्न स्प्रिंग ढिली आहे का, हेही बघून घ्या. हे सगळं ठीक असेल तर एअर क्लिनर काढून चालू इंजिनच्या कार्बच्या तोंडावर जाड पुठ्ठा किंवा फळी धरा, हात नको, बॅकफायर झालं तर पोळेल. इंजिन लगेच बंद पडलं तर बाहेरून मोठी गळती नाही, हवा कार्बमधूनच जातेय. तोंड बंद करूनही इंजिन घरघरत राहिलं तर वॅक्यूम लीक आहे, म्हणजे कार्ब सोडून दुसरीकडून हवा आत शिरतेय: ब्रेक बूस्टरचा होज, पीसीव्ही (इंजिनातली वाफ परत आत घेणारी झडप), कार्बखालची गास्केट, इनटेक मॅनिफोल्ड (कार्बपासून सिलिंडरपर्यंत हवा नेणारा भाग).

मग टायमिंग, म्हणजे ठिणगी नेमकी कधी पडते ते. १९७० ला जीएमच्या बऱ्याच गाड्यांवर खालच्या गिअरमध्ये व्हॅक्यूम अॅडव्हान्स (इंजिनच्या ओढीने ठिणगी लवकर पाडणं) तोडणारी सिस्टिम होती, ती आधीच्या कुठल्यातरी मालकाने उखडून अॅडव्हान्सचा होज थेट मॅनिफोल्डला जोडलेला असतो. त्याने आयडलला अॅडव्हान्स वाढतो आणि आरपीएम चढतो. यात बिघाड काही नाही, स्क्रू मागे घ्या. पण डिस्ट्रिब्युटरमध्ये, म्हणजे ठिणगी वाटणाऱ्या भागात, वेग वाढला की बाहेर सरकून ठिणगी लवकर पाडणाऱ्या वेटच्या स्प्रिंग मेल्या असतील तर आयडललाच मेकॅनिकल अॅडव्हान्स सुरू होतो आणि मग स्क्रू कितीही फिरवा, रेस एकदा वर गेली की खाली यायला मागत नाही. होज काढून, बंद करून टायमिंग लाइट लावली की कळतं.

इथपर्यंत सगळं स्वच्छ निघालं तरच पुढची तुलना कामाची.

क्वाड्राजेट दुरुस्त करणं हे माझं पहिलं मत, आणि त्याला लोक उगाच घाबरतात. याचा ठरलेला रोग म्हणजे प्रायमरी थ्रॉटल शाफ्ट, पुढच्या झडपांच्या प्लेट ज्यावर बसतात तो दांडा: स्टीलचा शाफ्ट अॅल्युमिनियमच्या बेसमध्ये पन्नास वर्षं घासून भोकं लांबट होतात, तिथून हवा आत जाते आणि प्लेट नीट बसत नाहीत. शाफ्टचं टोक बोटाने वर-खाली हलवून बघा, कटकट लागली तर तेच. आणि हे बाजारातल्या साध्या गास्केट किटने बरं होत नाही, बेसला ड्रिल करून बुशिंग (भोकात बसणारी नवी बाही) बसवावं लागतं, म्हणून लोक किट टाकतात, फरक पडत नाही आणि कार्बला शिव्या घालतात. सोबत सेकंडरीच्या, म्हणजे मागच्या मोठ्या भोकांच्या, प्लेट पूर्ण बंद होतात का ते पण बघून घ्या. किट स्वतः टाकलं तर शंभर डॉलरच्या आत भागतं, जाणकाराकडून बुशिंगसकट करून घेतलं तर काही शे डॉलर जातात. वर गाडीची ओरिजिनॅलिटी राहते, १९७० च्या कार्बवर ७०४ ने सुरू होणारा नंबर असतो आणि विकताना घेणारा तो वाकून बघतोच.

नवीन कार्ब म्हटलं की बहुतेक जण एडलब्रॉक कंपनीकडे जातात. डिझाइन जुन्या कार्टर एएफबी कार्बचं, ट्यूनिंग सोपं, बॉक्समधून काढून लावला की साधारण चालतोच. पण क्वाड्राजेटची पुढची भोकं छोटी आणि मागची भलीमोठी, एडलब्रॉकची चारही जवळपास सारखी, त्यामुळे जुन्या मॅनिफोल्डवर अॅडॅप्टर प्लेट लागते, म्हणजे दोन गास्केट आणि गळायला दोन नव्या जागा. दुसरी गंमत इलेक्ट्रिक चोकची. त्याला पूर्ण १२ व्होल्ट लागतात, पण वायर सोपी पडते म्हणून इग्निशन कॉइलवरून घेतली जाते, तिथे रेझिस्टन्स वायरमुळे व्होल्टेज कमी मिळतं, चोक उघडायला वेळ लावतो आणि नव्या कोऱ्या कार्बवर पुन्हा तीच रेस! या गाडीच्या टर्बो ४०० गिअरबॉक्सचं किकडाऊन (जोरात पाय दाबला की खालचा गिअर पडणं) इलेक्ट्रिक असल्यामुळे ती एक कटकट नाही, टर्बो ३५० गिअरबॉक्सवाल्यांना मात्र केबल नीट जुळवावी लागते. मूळ कार्ब आधीच हरवला असेल किंवा बेस चिरला असेल तर हा पर्याय अगदी ठीक.

ईएफआय, म्हणजे होली स्नायपरसारखं किट, भारी वाटतं यात शंका नाही. थंडीत एका चावीत चालू, कोलोरॅडोच्या डोंगरात नेलं तरी मिक्स्चर स्वतः सांभाळतं, आणि आयडलला हवा कमी-जास्त करणारी मोटर असते. पण ती मोटर पूर्ण बंद होण्याच्या पलीकडे जाऊ शकत नाही! मॅनिफोल्डमधून हवा गळत असेल तर ईसीयू, म्हणजे किटचा कॉम्प्युटर, बिचारा शून्यावर जाऊन बसतो आणि रेस वरच राहते. किटच हजार डॉलरच्या वर, शिवाय हाय प्रेशर पंप, बहुतेकदा रिटर्न लाइन, एक्झॉस्टमध्ये ऑक्सिजन सेन्सरची जागा वेल्ड करणं, वायरिंग. रोज गाडी चालवणाऱ्याने करावं. महिन्यातून दोनदा आइस्क्रीम खायला नेणाऱ्याने कशाला?

काहीही बसवलंत तरी शेवटचं सेटिंग न्यूट्रलमध्ये करू नका. चाकांना ओंडके लावा, पार्किंग ब्रेक लावा, ब्रेकवर कोणालातरी बसवा, गाडीसमोर उभं राहू नका आणि ड्राइव्हमध्ये साधारण ६०० वर आणा. पार्कमध्ये ७०० च्या आसपास दिसेल, ते बरोबर आहे, तिथे पुन्हा स्क्रू फिरवायचा नाही.