मारुती 800 चे पुढचे शॉकअप: रिकंडिशन करावेत की नवे घालावेत?

आमच्या घरची 800 अजून रोजच्या वापरात आहे, 2004 ची. कराडहून चिपळूणला महिन्यातून दोनदा तरी जाणं होतं. म्हणजे पाटण, कोयनानगर आणि पुढे कुंभार्ली घाट. या गाडीचे पुढचे शॉकअप मी दोन्ही तऱ्हांनी करून पाहिलेत: आधी जुनेच रिकंडिशन करून घेतले, नंतर नवी जोडी घातली. गॅरेजवाल्याने गाडी दाबून पाहून "साहेब, पुढचे गेलेत" असं सांगितलं असेल आणि आता काय करायचं हे तुम्हाला ठरवायचं असेल, तर हा अनुभव उपयोगी पडावा.

पैशाचं आधी सांगून टाकतो. मला रिकंडिशनला नव्याच्या निम्म्याहून कमी खर्च आला. पण हा फरक फक्त शॉकअपच्या किमतीतला आहे. खोलायची-बसवायची मजुरी आणि नंतरचं अलाइनमेंट दोन्हीकडे तेवढंच लागतं. पार्ट मिळत नाही म्हणून रिकंडिशन करावं लागतं, असंही नाही. 800 चं उत्पादन जानेवारी 2014 मध्ये थांबलं, तरी तिचे शॉकअप आजही तालुक्याच्या दुकानात सहज मिळतात.

आता रिकंडिशनमध्ये नेमकं काय होतं ते पाहू. मिस्त्री जुनं तेल काढतो, सील बदलतो, रॉड लेथवर पॉलिश करून घेतो आणि नवं तेल भरून तोंड बंद करतो. मागच्या शॉकअपचं एवढ्यावर भागू शकतं, कारण त्याचं काम उसळी मारणं थांबवण्यापुरतं असतं. पुढचा मात्र मॅकफर्सन स्ट्रट आहे, म्हणजे शॉकअप आणि स्प्रिंग मिळून एकच उभा खांब. चाक त्याच्याच आधाराने उभं असतं, स्टेअरिंग फिरवलं की तोही सोबत फिरतो, ब्रेक मारला की आडवा जोर त्याच्यावर येतो. त्यामुळे रॉड ज्या बुशमधून वरखाली होतो ते बुश एका बाजूला झिजत जातं. सील कितीही चांगलं घातलं तरी रॉड आत डुगडुगत असेल तर ते किती दिवस टिकणार? आणि हे बुश बदलून देणारा मिस्त्री मला तरी भेटला नाही.

तरीही पहिले दोन महिने माझी काही तक्रार नव्हती. स्पीडब्रेकरवरून उतरताना गाडी पूर्वीसारखी दोन-तीनदा झुलायची नाही. पैसे वसूल झाले, असंच मी धरून चाललो होतो.

मग घाटात एक गोष्ट जाणवायला लागली आणि तिनेच माझा निर्णय केला. कुंभार्ली उतरताना डाव्या वळणाला गाडी नीट, उजव्या वळणाला मात्र पुढचा डावा कोपरा बसायचा. वळणात ब्रेक लागला तर आणखी. सरळ रस्त्यावर काहीच कळायचं नाही, त्यामुळे कोणाला दाखवावं तर गाडी तेव्हा अगदी शहाण्यासारखी चालायची. आई नेहमी माझ्या डावीकडे बसते. ती म्हणायची, "अरे, तुझ्या बाजूला काही होत नाही, माझ्याच बाजूला गाडी बुडते." मी अलाइनमेंट दोनदा केलं, चाकं आलटून-पालटून पाहिली, हवा तपासली. फरक शून्य. पोफळीपर्यंत उतरेस्तोवर प्रत्येक उजव्या वळणाला स्टेअरिंग थोडं जास्त धरून ठेवायचं, ही हातांना सवयच झाली. दमणूक एवढीच, पण दर खेपेला तीच.

शेवटी एके दिवशी डाव्या टायरवरून तळहात फिरवला. एका दिशेने गुळगुळीत, उलट फिरवला की करवतीसारखं, म्हणजे टायर वेडावाकडा झिजत होता. खाली वाकून पाहिलं तर शॉकअपच्या नळीवर तेल आणि धूळ मिळून काळं चिकट लिंपण बसलेलं. खोलल्यावर कारण दिसलं. रॉडच्या वरच्या टोकाजवळ तीन बारीक ओरखडे होते, ओळीत, पकडीच्या दातांचे. वरचा नट सोडवताना रॉड फिरतो म्हणून कोणीतरी तो पकडीने धरला होता. रॉड आत गेला की ते ओरखडे सीलवरून जाणार आणि दर खड्ड्याला ते थोडं थोडं कापणार. उजवीकडचा रॉड आरशासारखा स्वच्छ होता. म्हणजे एकाच दिवशी, एकाच हाताने केलेल्या जोडीतला एक शॉकअप धरून होता आणि दुसरा तेल सोडत होता.

तुमच्या गावात चांगला कारागीर असेल तर तुमचा अनुभव वेगळा येऊ शकतो, हे मी मान्य करतो. पण तेल अंदाजाने भरलेलं, त्याचा जाडपणा हाताने ठरवलेला, बुशची झीज दोन्हीकडे वेगवेगळी. अशा दोन शॉकअपनी एकसारखं वागावं ही अपेक्षा फार मोठी वाटते. आणि पुढच्या दोन चाकांना तर नेमकं तेच लागतं.

नव्या जोडीलाही दोष आहेतच. पहिले काही दिवस गाडी कडक लागते. कराडातले छोटे खड्डे जे आधी जाणवायचे नाहीत ते जाणवायला लागले, आणि आईने पहिल्या आठवड्यात "जुनेच बरे होते" असंही म्हटलं. शे-पाचशे किलोमीटरनंतर ते बसतात. गॅसचे म्हणून जास्त कडक शॉकअप मिळतात, ते मी घेतले नाहीत. 800 चं वजन साडेसहाशे किलोच्या आसपास, त्यात बहुतेक वेळा एक-दोन माणसं. मित्राच्या गाडीत बसून पाहिलं तेव्हा मला ते टणटणीत वाटले. कंपनीच्या गाडीला येतात तसेच घ्या, आणि बिल देणाऱ्या दुकानातून घ्या. या गाडीचे नकली पार्ट बाजारात फार आहेत.

भंगारातल्या गाडीचे काढून घालायचा सल्लाही कोणी देईल. ते किती चाललेत हे कळायला मार्ग नाही, म्हणून मी त्या वाटेला गेलो नाही.

रिकंडिशन मला कधी पटेल? गाडी वर्षभरात विकायची असेल, किंवा फक्त गावात बाजारापुरती फिरत असेल, तर. तेही आधी एक तपासणी करून. शॉकअप बाहेर काढल्यावर रॉड पूर्ण ओढून आडवा हलवून पाहा. खेळ लागला किंवा रॉडवर नखाला जाणवेल असा खड्डा, गंज, ओरखडा असला, तर नव्या सीलवर पैसे घालू नका.

नवे घालायचे ठरलं तर गॅरेजमध्ये स्वतः थांबा. शॉकअपबरोबर वरचं माउंट (स्ट्रट गाडीच्या बॉडीला जिथे धरला जातो तो भाग), बंप स्टॉप (शॉकअप पूर्ण दाबला गेला की आदळ झेलणारं रबर) आणि रॉडवरचं रबरी बूट त्याच दिवशी बदलून घ्या. आमचं बूट पापडासारखं तुटून हातात आलं, आणि कोकणातली लाल माती आधी तिथूनच रॉडवर जाते. नवे शॉकअप दुकानात आडवे पडलेले असतात, म्हणून बसवण्याआधी उभे धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबून सोडायला सांगा, आत अडकलेली हवा निघते. रॉडला पकड लावू देऊ नका. लोअर आर्म, म्हणजे चाकाला खालून धरणारा दांडा, सोडला असेल तर त्याचे बोल्ट गाडी जॅकवरून खाली उतरवून मगच शेवटचे आवळायचे, नाहीतर त्या आर्मच्या बुशचं रबर पिळलेलं राहतं. आणि स्प्रिंग दाबायला नीट कॉम्प्रेसर नसेल, तारेने बांधून खोलत असतील, तर गाडी तिथून परत आणा. ती स्प्रिंग सुटली तर माणूस जायबंदी होतो.

नव्या जोडीवर आता 19 हजार किलोमीटर झालेत. मागच्या खेपेला चिपळूणला पोचल्यावर डाव्या टायरवरून दोन्ही दिशांनी हात फिरवून पाहिला, कुठे अडखळला नाही.