ग्रँड सेंट्रल की लॉस एंजेलिसचं युनियन स्टेशन?

गाडीला तासभर अवकाश असेल, तर माझं मत लॉस एंजेलिसच्या युनियन स्टेशनला. १९३९ सालचं हे स्टेशन बसायला बोलावतं: लाकूड-चामड्याच्या ऐसपैस खुर्च्या, बाजूला झाडांची अंगणं. फक्त, खुर्चीत टेकायला तिकीट हवं.

न्यूयॉर्कचं ग्रँड सेंट्रल (१९१३) मात्र उभ्याउभ्याच अनुभवायचं. मुख्य दालनात बाकंच नाहीत. लोक भेटतात ते चौकशी कक्षावरच्या चार तोंडांच्या घड्याळाखाली. स्टेशनातल्याच ऑयस्टर बार या रेस्टॉरंटबाहेरच्या फरशा लावलेल्या कमानीत एका कोपऱ्यात कुजबुजलं, की समोरच्या तिरक्या कोपऱ्यात लख्ख ऐकू येतं. पोरंटोरं सोडाच, सुटाबुटातले साहेबही तिथे भिंतीकडे तोंड करून उभे राहतात! छतावरचं तारांगण चक्क उलटं रंगवलंय, पण मान वर करायची सवड पर्यटकांनाच. बाकीच्यांना लोकल गाठायची असते.